दिवा आधी, ठोसा नंतर

माझा उजवा हात माझ्याच डोक्याच्या मागून चालतो, हे मला एका रविवारी सकाळी पोहे खाऊन झाल्यावर प्रयोगाने सिद्ध करता आलं.

मी भोरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. (पुढचं वाचताना हे वाक्य विसरलात तर आभारी राहीन.) वय चाळिशीच्या पुढे, वजन त्याच्याही पुढे, आणि छंद एकच: टीव्हीवरचे मारामारीचे व्हिडिओ गेम. आमच्या लहानपणी एसटी स्टँडजवळच्या बोळात एक गेम पार्लर होतं. आत कपाटाएवढाली उभी मशिनं, प्रत्येकाला एक दांडा आणि फुगीर गोल बटणं. मी आणि माझी धाकटी बहीण मनीषा, म्हणजे मनी, शाळा सुटली की दप्तरासकट तिथे उभे. तो दांडा तेव्हा हातात बसला तो बसलाच. आजही मला ते चिमुकले कंट्रोलर चालत नाहीत. मांडीवर चांगली पाट्याएवढी पेटी लागते, तिच्यावर दांडा आणि बटणं. तिला फाइट स्टिक म्हणतात. माझी बायको अर्चना मात्र तिला पाटाच म्हणते. "उचला तो पाटा सोफ्यावरून, पाहुणे बसतील त्याच्यावर!"

असे पाटे माझ्याकडे तीन. एक विकतचा, परदेशी. दुसरा घरचा: पेटी शेजारच्या उत्रोलीच्या सुताराने जुन्या दाराच्या सागवानी फळीतून करून दिली, आतल्या वायरी मी जोडल्या. (हा देव्हाऱ्याचाच काहीतरी भाग असणार असं सुताराने शेवटपर्यंत धरलं होतं. चारी कडांना त्याने वेलबुट्टी कोरून दिली.) तिसरा त्या बंद पडलेल्या पार्लरच्या मशीनचा पुढचा भाग, भंगारवाल्याच्या हातापाया पडून आणलेला.

मनी आता पुण्यात असते. दर रविवारी सकाळी ती तिच्या घरातून आणि मी माझ्या घरातून, इंटरनेटवर आमची जुंपते. पूर्वी निदान बरोबरी व्हायची. दिवाळीपासून मात्र मी एकही सामना जिंकलो नव्हतो! मी ठोसा मारीपर्यंत माझा पहिलवान आडवा झालेला असायचा.

"दादा," मनी फोनवर म्हणाली, "तू ठोसा मारतोस की पोस्टाने पाठवतोस?"

ही गोष्ट मनाला लागली. मी ठरवलं, दोष पाट्याचा आहे. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणा हवं तर. पण मी फिजिक्सवाला, अंगण मोजल्याशिवाय वाकडं म्हणणार नाही.

बटण दाबल्यापासून पडद्यावरचा पहिलवान हात उचलेपर्यंत जो वेळ जातो, त्याला इनपुट लॅग म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मोबाईल कामाला लावायचा. मी प्रत्येक पाट्याच्या बटणाला एक बारीक लाल दिवा जोडला. बटण दाबलं रे दाबलं की दिवा लागणार. मग दिवा आणि टीव्ही दोन्ही एकाच वेळी दिसतील असा मोबाईल पिठाच्या डब्यावर उभा केला, स्लो मोशन लावलं आणि दाबायला सुरुवात केली. नंतर ते चित्रण एकेक चित्र पुढे सरकवत बघायचं: दिवा कधी लागला, ठोसा कधी निघाला, आणि मध्ये किती चित्रं गेली.

"रविवारी लोक बायकोला घेऊन भाटघर धरणावर जातात," अर्चना पडदे ओढता ओढता म्हणाली.

"गप्प, प्रयोग चालू आहे!"

"मी पडदा ओढला म्हणून दिवा दिसतोय तुमचा. गप्प काय?"

दुपारपर्यंत तिन्ही पाटे तपासून झाले आणि निकाल हाती आला. तिन्ही सारखे! परदेशी असो, वेलबुट्टीवाला असो की भंगारातला असो, एखाद्या चित्राचा इकडेतिकडे फरक. आणि उशीर? भयंकर! दिवा लागायचा, मग माझा पहिलवान जणू घरच्यांचा सल्ला घ्यायचा, आणि मग कुठे त्याची मूठ हलायची.

आता शास्त्रीय विचार. तीन वेगळ्या माणसांनी, तीन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या काळात बनवलेले पाटे अगदी एकाच मापाने कसे बिघडतील? म्हणजे पाटे निर्दोष. मग तिन्ही प्रयोगांत समान असं काय होतं? मी खोलीभर नजर फिरवली. समान होतो मी!

इथून पुढे मला जे झालं ते हसण्यावारी नेता येत नव्हतं. माझे वडील, अण्णा, माझ्याच वयाचे असताना त्यांना शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला होता. आम्ही त्यांची थट्टा करायचो. मग कप हातातून सुटायला लागला, आणि मग एका सकाळी उजवी बाजू गेली ती गेलीच. पुढची सगळी वर्षं मी त्यांना डाव्या हाताने भाकरी मोडताना पाहिलं. मी घाबरलो. सरळ सांगतो, हातपाय गार पडले. आणि हातपाय गार पडले म्हणून आणखी घाबरलो, कारण गार पडणं हेही लक्षणच की!

मी अर्चनाला फूटपट्टी दिली. "ही माझ्या बोटांमध्ये धर आणि न सांगता सोड. मी पकडतो."

"कधी सोडू?"

"न सांगता म्हटलं ना!"

"हो, पण साधारण कधी?"

"अगं, ते सांगितलं तर..." आणि तिने सोडली. पट्टी खाली पडली. पुन्हा केलं, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा मी पट्टी सोडून अर्चनाचा अंगठा पकडला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुमचा हात थरथरतोय."

नेमकी तेव्हाच आई दारात आली. माझी आई माहेरची विंझरची. भोरला नांदायला येऊन तिचं आयुष्य गेलं, पण बोली तिने वाटेतल्या कापूरहोळच्या अलीकडे येऊ दिलेली नाही.

"काय झालं रं? हात दाव." तिने माझी बोटं चाचपली. "आगं बया! बर्फावानी गार!"

"आई, आत्ता ताकाचा ग्लास धरला होता."

"तुजं अण्णा बी असंच म्हनायचं. उनात बसल्यालो, ताक प्यालो. डाक्टरकडं चल."

आता इथे माझी दुसरी अक्कल. मी म्हटलं, डॉक्टर नको. खरं कारण सांगतो: डॉक्टरकडे गेलं की असलेलं कळतं! न कळलेल्या आजारात निदान थोडी आशा असते. आई म्हणाली, "मग आदी विंझरला जाऊ. देवीला कौल लावू. ती सांगंल तसं."

मंगळवार देवीचा वार, म्हणून जाणं मंगळवारी ठरलं. तोपर्यंत मी घरात आजारी म्हणून रुजू झालो. चहा कपातून बंद झाला, वाटीतून चमच्याने सुरू झाला. मोटरसायकलची किल्ली आईच्या कनवटीला गेली. गॅस पेटवू नको, विळी हातात घेऊ नको, जिना उतरताना भिंत धर! शेजारच्या शिंदेकाकू बिस्किटांचा पुडा आणि शहाळं घेऊन 'भेटायला' आल्या. आमच्याकडे भेटायला येतात म्हणजे प्रकरण पुढे गेलेलं असतं. काकू माझ्याकडे न बघता आईशीच बोलत होत्या.

"उजवाच का?"

"उजवाच."

"पारव्याचं रगत चोळा. आमच्या धाकट्या दिरांना गुण आला होता."

"आता कसे आहेत ते?" मी विचारलं.

"ते वारले," काकू म्हणाल्या, "पण हात शेवटपर्यंत चांगला होता."

त्या गेल्यावर मी बराच वेळ आमच्या गच्चीवरच्या पारव्यांकडे बघत बसलो. पारवे माझ्याकडे बघत होते. दोन्ही बाजूंना भीती होती.

मंगळवारी कॉलेजात रजा टाकली. मी गाडी चालवायची नाही, ब्रेक उशिरा लागेल, असा आईचा हुकूम. म्हणून कार अर्चना चालवणार. अर्चनाकडे लायसन्स होतं, पण त्या लायसन्सने उत्रोलीच्या पुढचं जग पाहिलेलं नव्हतं. हायवेला लागल्यावर तिने स्टिअरिंग असं धरलं की तेच तिला वाचवणार आहे. शेजारी बसून मी पायाखालच्या रिकाम्या जागेत सारखा ब्रेक दाबत होतो. प्रत्येक वेळी अगदी वेळेवर दाबत होतो, तिच्याही आधी! पण हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. भीतीने माणसाची अक्कल जाते म्हणतात, माझी तर सहकुटुंब गेली होती.

चेलाडीला आत वळून विंझरला पोचलो तेव्हा आईचा धाकटा भाऊ, दत्तामामा, बांधावर उभा होता. त्याने मला नखशिखांत न्याहाळलं.

"भाच्या, लई खराब झाला रं तू."

"मामा, वजन वाढलंय माझं."

"त्येच म्हनतो म्या. सूज हाय ती आजाराची."

गावदेवीचं देऊळ मामाच्या भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला. कौलाची रीत अशी: गुरव देवीच्या दोन खांद्यांवर फुलाची एकेक कळी पाण्याने ओली करून चिकटवतो. मग तुम्ही आपला प्रश्न विचारायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्यात घाई चालत नाही.

गुरवाने कळ्या लावल्या. मी हळूच मोबाईल काढला. "गुरवबुवा, व्हिडिओ काढला तर चालेल?"

"काढा की. देवीला कशाचं वावडं न्हाई."

मी स्लो मोशन लावलं. निदान इथे तरी पुरावा नीट राहावा. एवढ्यात मामा पुढे सरसावला.

"थांबा, माजं एक बारकं काम हाय. ते आदी उरकून घेतो." आणि त्याने सरळ हात जोडले. "आई, वरच्या तुकड्यात बोर मारली तर पानी लागंल का? लागत आसंल तर उजवी दे."

आम्ही बसलो. कळ्या हलेनात. बाहेर बगळे चरत होते. मामा डोळे मिटून, आई डोळे वटारून. शेवटी आईचा धीर सुटला.

"ए दत्ता, माजं लेकरू हितं आजारी हाय आन् तुला बोरीचं पडलंय? आई, माज्या संदीपचा हात बरा हाय का गं? बरा आसंल तर उजवी दे!"

"आगं आक्का, माजा कौल यायचाय आजून!"

"ईल तवा ईल!"

आणि टप्प! उजवी कळी पडली.

एकदम दोन आवाज.

"पानी लागलं!" मामा ओरडला.

"लेक बरा हाय!" आई ओरडली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुजं कसं? म्या आदी इचारलं व्हतं!" "तुजं ऐकलं न्हाई तिनं, म्हून तर गप बसली व्हती! म्या इचारलं आन् लगीच पडली!" "लगीच न्हाई, माजंच उशिरा पडलं!"

हा घोळ मी ओळखत होतो! बटण एकदा दाबावं, काही होत नाही म्हणून घाईने दुसरं दाबावं, आणि मग पडद्यावर जी उडी पडते ती पहिल्या दाबण्याची की दुसऱ्या, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. मी दिवाळीपासून हेच भोगत होतो.

शेवटी गुरवाने तोडगा काढला. "आदी ज्याचा सवाल, आदी त्याचा कौल. उजवी मामांची. तुमची यायची हाय आजून."

आणि टप्प! डावी पडली.

अर्चनाने माझा हात घट्ट धरला. गुरव घाईघाईने म्हणाला, "मागनं पडल्याली धरीत न्हाईत."

"धरीत न्हाईत," आई रडवेल्या आवाजात म्हणाली, "पर पडली तर हाय ना?"

मला एकदम मोबाईल आठवला. पुरावा! उजवी कळी कोणत्या प्रश्नाला हलायला लागली, ते चित्रणात दिसणार होतं. मी घाईने व्हिडिओ लावला. पहिल्याच चित्रात देवीचे दोन्ही खांदे रिकामे! दोन्ही कळ्या पडून गेल्यावर चित्रण सुरू झालं होतं.

"म्हंजे तू बटन दाबलंस ते समदं झाल्यावर?" मामाने विचारलं.

मी मान हलवली. आणखी काय पुरावा हवा होता? मामानेही मग आवाज खाली आणला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "घाबरू नगंस भाच्या. आमी हाय."

परतीच्या वाटेवर मी मनातल्या मनात डाव्या हाताने फळ्यावर लिहायचा सराव करत होतो. अर्चनाला पुढचं वाहन ओलांडायचा धीर होईना आणि तिला 'ओलांड' म्हणायचा मला धीर होईना, म्हणून भोरपर्यंत आम्ही एका उसाच्या ट्रॅक्टरच्या मागून आलो.

घरी पोचलो तर दारात मनी! आईने सकाळीच तिला फोन करून 'दादाचा हात चाललाय' एवढं सांगून ठेवून दिला होता. तिने धावत येऊन मला मिठी मारली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"दादा, मला माहीत असतं ना, तर मी एखादा तरी सामना सोडला असता रे!"

खरं सांगतो, अर्धांगवायूपेक्षा हे वाक्य जास्त झोंबलं.

डोळे पुसून ती म्हणाली, "मला तो प्रयोग दाखव." मी रविवारचा व्हिडिओ लावला. ती नाक ओढत बघत राहिली. मग नाक ओढणं थांबलं.

"दादा, हा लाल दिवा कसला?"

"बटणाचा. दाबलं की लागतो."

"लगेच?"

"लगेच. थेट जोडलाय मी. त्याला वेळच लागत नाही."

"म्हणजे दिवा लागला तेव्हा तुझं बोट खाली गेलेलं असतं."

"अर्थात."

"आणि उशीर तू कुठून मोजलास?"

"दिवा लागल्यापासून."

मनीने माझ्याकडे पाहिलं. मग अर्चनाकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"तुमच्या कॉलेजात फिजिक्स कोण शिकवतं रे?"

मला अजून कळलं नव्हतं. (मी आधीच विनंती केली होती, ते वाक्य विसरा.) तेव्हा ती लहान पोराला समजावतात तशी म्हणाली, "अरे, दिवा लागला तिथे तुझ्या हाताचं काम संपलं! त्याच्यानंतरचा उशीर तुझ्या हातात कसा असेल? आणि सगळ्या प्रयोगांत समान तू एकटाच होतास का?"

आम्ही सगळ्यांनी एकदमच मान वळवली. समोर भिंतीवर टीव्ही होता. दिवाळीत घेतलेला! घेतला त्या दिवशी मी त्याच्या सेटिंगमध्ये शिरून चित्र सुधारायच्या जेवढ्या म्हणून सोयी होत्या त्या सगळ्या चालू केल्या होत्या. पैसे मोजलेत तर सगळं चाललंच पाहिजे, हा आमचा बाणा! बिचारा टीव्ही प्रत्येक चित्र घासूनपुसून, पावडर लावून मगच बाहेर सोडत होता.

"पण मग फूटपट्टी?" मी म्हणालो. "आणि देवळातला व्हिडिओ?"

"घाबरलेल्या माणसाच्या हातात पट्टी सापडते का कधी?" अर्चना म्हणाली. "आणि देवळात तुम्ही बटण दाबायचंच विसरला होतात. डावी कळी पडल्यावर दचकून दाबलंत. मी बघितलं ना."

"मग तिथेच बोलली का नाहीस?"

"आजारी माणसाला काय बोलायचं, म्हणून!"

मनीने रिमोट घेतला आणि खेळासाठीची सोय लावून बाकीची सगळी रंगरंगोटी बंद केली. पुन्हा दिवा, पुन्हा ठोसा, पुन्हा मोबाईल. दिवा लागला आणि मूठ निघालीच! तिन्ही पाट्यांवर तेच. मी खाली बसलो. आई आत गेली आणि काठोकाठ भरलेला चहाचा कप घेऊन आली, बशीशिवाय. मी तो उजव्या हाताने घेतला आणि एक थेंबही सांडला नाही. आई कपाकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याही. अण्णांची आठवण आम्हा दोघांनाही आली, पण नाव कोणी काढलं नाही.

मामाला फोन करून आनंदाची बातमी दिली.

"बरा हाय? नक्की बरा हाय?"

"हो मामा, ठणठणीत!"

"म्हंजे उजवी कळी तुजीच व्हती." मामाचा आवाज बसला. "आन् म्या तर बोरवाल्याला गाडी आनाया सांगून बसलोय. भाच्या, थोडासा बी दोष न्हाई का रं? करंगळीत, कुठं तरी?"

मग आमचा सामना ठरला, खऱ्या मापाचा, एकाच खोलीत, एकाच टीव्हीवर. आई आयुष्यात पहिल्यांदा गेम बघायला पुढे बसली. अर्चनाने पडदे न सांगता ओढले. मी वेलबुट्टीचा पाटा मांडीवर घेतला. कितीतरी दिवसांनी दांडा हलवला की पहिलवान हलत होता, बटण दाबलं की ठोसा निघत होता. सगळं इतकं स्वच्छ, इतकं हुकमी, की मला लहानपणीचा तो बोळ आठवला. मी पदर खोचून उभ्या राहिलेल्या बाईसारखा सरसावलो.

"सुरू कदी व्हनार?" आईने विचारलं.

"संपलं आई," मनी म्हणाली.

माझा पहिलवान आडवा पडला होता. मी आधी पाट्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग माझ्या उजव्या हाताकडे. कुठे म्हणून काही दोष सापडेना. एवढी धावपळ करून मी इतकंच मिळवलं: दिवाळीपासून मी उशिरा हरत होतो, आता अगदी वेळेवर हरतो.